नैराश्य: ओळखायचं कसं, दवाखान्यात सांगायचं काय आणि दिवस लावायचा कसा

तालुक्याच्या दवाखान्यात ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणत सहसा कुणी येत नाही. माणसं सांगतात, डोकं जड झालंय, अंग मोडून येतं, जेवण जात नाही, छातीत धडधडतं, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. मग रक्त तपासलं जातं, सलाईन लागतं, ताकदीच्या गोळ्या मिळतात आणि काही दिवसांनी तोच माणूस पुन्हा त्याच बाकावर बसलेला दिसतो. ‘अंगावरून पांढरं जातं’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या बायकांचा गोव्यात अभ्यास झाला, तेव्हा बऱ्याच जणींना जंतुसंसर्ग नव्हताच. त्या तक्रारीचं नातं उदासीशी, चिंतेशी आणि घरातल्या जाचाशी जास्त होतं. म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. दुखतं ते खरंच दुखतं. फक्त औषध दुसऱ्या जागी लागतं.

समुपदेशनाच्या खोलीत बसून मला जे सगळ्यात जास्त वेळा सांगावं लागतं, ते इथे आधीच सांगते. ‘मन लागलं की उठेन’ असं म्हणून थांबू नका. या आजारात मन आधी लागत नाही. आधी हातपाय हलवावे लागतात, मन मागून येतं. हे कसं जमवायचं, तोच या लेखाचा मोठा भाग आहे. पण त्याआधी आजार नीट ओळखायला हवा आणि जीव सांभाळायला हवा.

हे नैराश्यच आहे का?

पीक गेलं, नोकरी गेली, घरातलं माणूस गेलं तर वाईट वाटणारच. त्या दुःखात माणूस रडतो, पण मधूनच नातवाकडे बघून हसतोही. कुणी जवळ बसलं तर त्याला हलकं वाटतं. नैराश्यात हे मधले मोकळे क्षण आटून जातात. दोन खुणा मुख्य आहेत: सतत उदास वाटणं, आणि ज्यात आधी गोडी होती त्यात काहीच न वाटणं. यातली एक तरी खूण जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ आणि किमान दोन आठवडे असते. जोडीला झोप बिघडते, भूक आणि वजन बदलतं, काही न करता थकवा येतो, लक्ष लागत नाही, हालचाल मंदावते किंवा जीव एका जागी थांबत नाही, स्वतःला दोष देणं सुरू होतं, मरणाचे विचार येतात. सगळी मिळून पाच किंवा जास्त लक्षणं असली आणि रोजची कामं अडली, तर डॉक्टर त्याला नैराश्याचा आजार म्हणतात.

एक खूण मी आवर्जून विचारते: पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप न लागणं, सकाळ सगळ्यात जड जाणं आणि संध्याकाळी थोडं सुटल्यासारखं वाटणं. सगळ्यांना असं होत नाही, पण ज्यांना होतं ते लगेच मान डोलावतात.

पुरुषांमध्ये उदासीपेक्षा चिडचिड, भांडणं आणि वाढलेली दारू आधी दिसते. शाळा-कॉलेजातली मुलं तुसडी होतात, मार्क घसरतात. म्हाताऱ्या माणसांना ‘विसरायला लागलेत’ म्हणून सोडून दिलं जातं. बाळंतिणीला बाळाकडे बघून काहीच वाटत नाही आणि ते सांगायची तिला भयंकर लाज वाटते. बाळंतपणानंतर दोन आठवडे उलटूनही रडू थांबत नसेल, तर तो बाळंतिणीचा हळवेपणा समजून गप्प बसू नका.

घरी अंदाज घ्यायचा असेल तर पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी मराठीतही मिळते. गेल्या दोन आठवड्यांत कोणता त्रास किती वेळा झाला, त्यावर ० ते ३ गुण द्यायचे, एकूण २७. साधारण ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून बऱ्यापैकी तीव्र आणि २० पासून तीव्र असं धरतात. गुण १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांना दाखवा. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याशिवाय काहीही आलं, तर बेरजेकडे बघत बसू नका. त्याच दिवशी कुणाशी तरी बोला.

जीव नकोसा वाटत असेल तर आधी हे

घरच्यांनो, सरळ विचारा. ‘आई, झोपावं आणि उठूच नये असं वाटतं का गं?’ ‘दादा, जीव नकोसा झालाय का? काही करून घ्यायचं मनात येतं का?’ विचारल्याने असा विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. उलट आतल्या आत कोंडलेल्या माणसाला पहिल्यांदा तोंड उघडायला जागा मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर रागावू नका, शपथा घालू नका, पोराबाळांची आण देऊ नका. ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणा आणि त्या माणसाला एकटं सोडू नका.

मग घर आवरा. शेतीची औषधं घरातून हलवून दुसऱ्याच्या ताब्यात, कुलपात ठेवा. शिल्लक गोळ्या एका जबाबदार माणसाकडे द्या आणि रोज त्या दिवसापुरतीच गोळी हातात ठेवा. मरणाची ती लाट फार तीव्र असते, पण बहुतेक वेळा थोडा वेळच टिकते. तेवढ्या वेळात हाताशी काही सापडलं नाही तर माणूस वाचतो. ही खबरदारी कितीही साधी वाटली तरी टाळू नका.

१४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा नंबर २०२२ पासून सुरू आहे. तो फुकट आहे, २४ तास चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं. प्रकार हातघाईवर आला असेल, किंवा काही करून घेतलं असेल, तर १०८ ला फोन करा किंवा थेट मोठ्या दवाखान्यात न्या. पोलिस केस होईल म्हणून नातेवाईक उशीर करतात, आणि त्या उशिरात माणूस जातो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सांगतो की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. दवाखाना कागदोपत्री नोंद करेल, ती करू द्या. तुम्ही उपचार बघा.

दवाखान्यात: चिठ्ठी लिहून न्या

सुरुवात ओळखीच्या फॅमिली डॉक्टरांकडे केली तरी चालते. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मनोविकार विभाग चालतो. महाराष्ट्रात ठाणे, पुण्यात येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. गोव्यात बांबोळीची संस्था आहे. या ठिकाणी ओपीडीत दाखवून, गोळ्या घेऊन त्याच दिवशी घरी येता येतं. मनोरुग्णालयाचं नाव काढलं की ‘आत टाकतील’ असंच लोकांना वाटतं, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

ओपीडीत गर्दी असते. डॉक्टरांना पाच-सात मिनिटं मिळतात आणि आपल्याला नेमकं तेव्हाच काही सुचत नाही. म्हणून आदल्या दिवशी चिठ्ठी लिहा. अशी:

‘दिवाळीच्या सुमारास सुरू झालं. पहाटे तीनला जाग येते, मग झोप नाही. जेवण निम्म्यावर, कपडे सैल झालेत. कामावर चुका होतात, दोनदा बोलणी खाल्ली. टीव्ही, भजन, काही नको वाटतं. कधीकधी मरावंसं वाटतं, काही केलेलं नाही. थायरॉईडची गोळी तीन वर्षं चालू आहे. काकांना असाच त्रास होता. आठवड्यातून दोनदा दारू घेतो. पूर्वी एकदा उलटं झालं होतं: आठवडाभर झोप लागायची नाही तरी दमायचो नाही, खूप बोलायचो, पैसे उधळले.’

ते शेवटचं वाक्य तुमच्या बाबतीत खरं असेल तर ते गाळू नकाच. उदासीबरोबर कधी तरी असा चढाचा काळ येऊन गेला असेल, तर आजार वेगळा असू शकतो. त्याला द्विध्रुवीय आजार म्हणतात. त्यात नुसती नैराश्याची गोळी दिली तर चढ उसळू शकतो. दारूचं प्रमाणही कमी करून सांगू नका.

थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२, साखर या तपासण्या डॉक्टर सांगतील, कारण त्यांच्या गडबडीनेही असंच गळून गेल्यासारखं होतं. तपासण्या चांगल्या आल्या की लोक म्हणतात, ‘काहीच नाही निघालं.’ नैराश्य रक्तात निघत नाही. ते बोलण्यातून कळतं.

गोळ्यांबद्दल

सौम्य त्रासात गोळीशिवायही भागतं; त्रास मध्यमच्या पुढे गेला, मरणाचे विचार असले किंवा जेवणझोप पार उडाली, की औषध लागतं, आणि तेव्हा ते टाळण्यात कसलंही शौर्य नाही. सहसा एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन अशा गोळ्या देतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, पोट बिघडणं, डोकं दुखणं, थोडी अस्वस्थता असे त्रास आधी येतात. गुण नंतर येतो. साधारण दोन ते चार आठवड्यांत फरक जाणवू लागतो, पूर्ण गुणाला सहा ते आठ आठवडे लागतात. दहाव्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून गोळी बंद करणारे खूप भेटतात, आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण ते अगदी उंबरठ्यावरून परत फिरलेले असतात.

पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये सुरुवातीच्या दिवसांत बेचैनी आणि मरणाचे विचार वाढू शकतात. घरच्यांनी त्या काळात जास्त लक्ष ठेवावं आणि काही वेगळं दिसलं तर लगेच डॉक्टरांना फोन करावा. लैंगिक इच्छा कमी होणं हाही एक दुष्परिणाम आहे. लाजेने लोक तो सांगत नाहीत आणि परस्पर गोळी सोडतात. सांगा, डोस किंवा औषध बदलता येतं.

सवय लागेल का, हा प्रश्न ठरलेला. वर सांगितलेल्या गोळ्यांची दारूसारखी तलफ लागत नाही, पण अचानक सोडल्या तर चक्कर, चिडचिड, अंगात झिणझिण्या असा त्रास होतो. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवतात. सवय लागते ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या झोपेच्या-शांततेच्या गोळ्यांची. त्या थोड्या दिवसांसाठी दिल्या जातात. जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने त्या घेत राहू नका. बरं वाटल्यावरही मुख्य गोळी साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवायची असते. खर्चाचा प्रश्न असेल तर सरकारी दवाखान्यात विचारा, जनऔषधी केंद्रातही या गोळ्या स्वस्त मिळतात.

दिवस लावणं

आता मुख्य काम. गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगाथ’ या संस्थेने एक प्रयोग केला. बऱ्यापैकी तीव्र ते तीव्र नैराश्य असलेले ४९५ रुग्ण घेतले. निम्म्यांना आरोग्य केंद्रातले उपचार दिले, उरलेल्यांना तेच उपचार आणि शिवाय सहा ते आठ भेटींचं समुपदेशन. समुपदेशन करणारे मानसशास्त्राची पदवी नसलेले, तिथलेच, प्रशिक्षण दिलेले लोक होते. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटात ६४ टक्के लोकांचं नैराश्य उतरलं होतं, दुसऱ्या गटात ३९ टक्के. २०१७ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्या भेटींचा गाभा होता, माणसाला पुन्हा छोट्या-छोट्या कामांकडे वळवणं. पुढची पद्धत त्याच विचारावर उभी आहे.

पहिले तीन दिवस काही बदलू नका, फक्त वहीत लिहा. कोणत्या वेळी काय केलं आणि तेव्हा मनाला १० पैकी किती गुण. बऱ्याच वह्यांवरून जुळवलेलं, रजेवर असलेल्या एका शिक्षिकेचं पान असं दिसेल:

पहाटे ४: जाग, पडून, १.
७: चहा, ३.
९ ते ११: पडून, मोबाईल, १.
११: शाळेतून फोन, उचलला नाही, १.
२: जेवले नाही, २.
४: शेजारच्या काकूंना कढीपत्ता तोडून दिला, दारात उभ्याने बोलले, ४.
८: पोळी-भाजी, टीव्ही, ३.

दिवसभर ‘सगळं सारखंच काळं’ वाटतं, पण पानावर ते सारखं नसतं. चारचा आकडा कढीपत्त्यापाशी आहे आणि एकचा पडून राहण्यापाशी. ‘आराम केल्याने बरं वाटेल’ असं सगळे सांगतात. वही बहुतेक वेळा उलटं सांगते. स्वतःच्या हाताने लिहिलेला आकडा माझ्या शंभर सल्ल्यांपेक्षा पटतो.

चौथ्या दिवसापासून आठवड्यासाठी तीन कामं निवडा, एक शरीराचं, एक अडकून पडलेलं आणि एक माणसांशी किंवा आवडीशी जोडलेलं. काम इतकं लहान करा की सगळ्यात वाईट दिवशीही जमेल. आंघोळ जड जाते? बादली भरायची, तोंड-हात-पाय धुवायचे, कपडे बदलायचे. तेवढं झालं की काम झालं. ‘रोज पाच किलोमीटर चालणार’ हा बेत दुसऱ्या दिवशी मोडतो आणि स्वतःला शिव्या घालायला एक कारण देऊन जातो. ‘साडेपाचला चप्पल घालून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत’ हा टिकतो. वेळ आणि जागा ठरवा. सकाळ जड जात असेल तर अवघड काम संध्याकाळी ठेवा.

वेळ झाली की मनाला विचारू नका, ते नाहीच म्हणणार. वहीत आधीचा आकडा लिहा, काम करा, नंतरचा लिहा. आकडा हलला नाही तरी काम झाल्याची खूण करा. पहिल्या आठवड्यात मजा येत नाही, कोरडंच वाटतं. हे अपेक्षित आहे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एखादं काम थोडं वाढवा: दुकानापर्यंतचं चालणं मंदिरापर्यंत, पंधरा-वीस मिनिटं. काम चुकलं तर ते मोठं होतं असं समजा आणि निम्मं करा.

टाळलेल्या गोष्टींची एक वेगळी यादी ठेवा. शाळेचा फोन उचलला नाही की त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं, म्हणून पुढचाही उचलत नाही, आणि शेवटी फोन वाजला तरी घाम फुटतो. इथेही तुकडे करा. आधी नुसता मेसेज: ‘बाई, तब्येत बरी नाही, सोमवारी फोन करते.’ सोमवारी फोन, हवं तर बहिणीला शेजारी बसवून. बँकेचा हप्ता थकला असेल, उधारी असेल, घरात मारहाण असेल, तर तिथे मनाला समजावत बसू नका. तो प्रश्न कागदावर लिहा, मदत कुणाकडे मिळेल ते शोधा आणि पहिली पायरी याच आठवड्यात करा. खऱ्या अडचणीला ‘सकारात्मक विचार कर’ हे उत्तर नाही, आणि मला ते वाक्य आवडतही नाही.

तेच ते उगाळणं हाही पडून राहण्याचाच एक प्रकार आहे. ‘माझ्याच नशिबी का’, ‘तेव्हा तसं केलं नसतं तर’. दहा मिनिटं विचार केल्यावर एखादा निर्णय हाती आला का, ते बघा. नसेल आला तर जागेवरून उठा आणि हाताला काम द्या: भाजी निवडा, गाडी पुसा, कपड्यांच्या घड्या घाला. विचार थांबवायचा प्रयत्न करू नका, तो येऊ दे, हात चालू ठेवा.

झोपेसाठी उठण्याची वेळ पक्की करा, रात्र कशीही गेली तरी. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत, तीही तीनच्या आधी. चारनंतर चहा-कॉफी नको. वीस मिनिटं होऊनही झोप लागली नाही तर अंथरूण सोडून मंद उजेडात बसा, डोळे जड झाले की परत या. दारूने झोप लागते, पण मध्यरात्रीनंतर तीच झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी उदासी वाढवते. गोळ्या चालू असताना तर नकोच.

जवळच्यांसाठी

‘तुला काय कमी आहे?’, ‘मन खंबीर कर’, ‘आमच्या वेळी असले लाड नव्हते’ ही वाक्यं प्रेमापोटीच येतात, पण ऐकणाऱ्याला ती ‘तूच दोषी’ अशी ऐकू जातात. त्याऐवजी काम वाटून घ्या. ‘बाबा, चला, मी पण येते दुकानापर्यंत’ हे ‘तुम्ही फिरायला जात जा’ पेक्षा कितीतरी उपयोगी. सगळी कामं त्यांच्या हातून काढूनही घेऊ नका; कोथिंबीर निवडणं, नातवाला बसपर्यंत सोडणं एवढं त्यांच्याकडे राहू द्या. दवाखान्यात सोबत जा, पण थोडा वेळ त्यांना डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या.

अंगारा, देवऋषी, नवस यावर मी घरच्यांशी भांडत नाही. देवाला जायचं तर जा, गोळी मात्र चुकवू नका. पण कुणी चाबकाने, साखळीने, उपाशी ठेवून ‘उतरवतो’ म्हणालं तर तिथून माणसाला ताबडतोब बाहेर काढा. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने असे प्रकार गुन्हा आहेत.

सांभाळणारा माणूसही थकतो. जाऊबाईंना, भावाला आठवड्यातला एक दिवस तरी वाटून द्या.

पुन्हा आलं तर

एकदा नैराश्य येऊन गेलेल्या साधारण निम्म्या लोकांना ते आयुष्यात पुन्हा येतं. म्हणून बरं वाटत असतानाच वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःच्या सुरुवातीच्या खुणा लिहून ठेवा. प्रत्येकाच्या वेगळ्या असतात: कुणी दाढी करायचं सोडतो, कुणी फोन सायलेंटवर टाकते, कुणाला पहाटेची जाग येते. त्याखाली तीन गोष्टी लिहा: डॉक्टरांचा नंबर, तेव्हा लागू पडलेल्या गोळीचं नाव आणि डोस, आणि ज्यांनी आकडे वर गेले ती कामं. पान घरातल्या एका माणसाला दाखवा आणि सांगा, ‘यातल्या दोन खुणा आठवडाभर दिसल्या तर मला विचारू नकोस, सरळ अपॉइंटमेंट घे.’